टोरांटोचा सिटी हॉल: आधी बाद, मग पहिला

टोरांटोत क्वीन स्ट्रीटवर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की दोन सिटी हॉल एकदम दिसतात. उजवीकडचा जुना, १८९९चा, घड्याळाच्या मनोऱ्याचा. झुंबड असते ती डावीकडच्या नव्या इमारतीपुढे. दोन वाकलेले मनोरे, एक २७ मजली, दुसरा २० मजली, आणि त्यांच्या मधोमध उडत्या तबकडीसारखं सभागृह.

हे सुखासुखी उभं राहिलेलं नाही. स्थानिक वास्तुविशारदांचा ठोकळेबाज आराखडा १९५५ साली मतदारांनीच फेटाळला. मग महापौर नेथन फिलिप्स यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा हट्ट धरला. १९५८च्या त्या स्पर्धेत पाचशेच्या वर प्रवेशिका आल्या. फिनलंडच्या विल्यो रेवेल यांची प्रवेशिका म्हणे आधी बाद झाली होती. परीक्षकांपैकी एरो सारिनेन उशिरा पोचले, त्यांनी बाद कागद पुन्हा चाळले आणि तीच वर काढली. सारिनेनही जन्माने फिनलंडचे, त्यामुळे कुजबुज झालीच असणार! सप्टेंबर १९६५च्या उद्घाटनाला मात्र रेवेल नव्हते; आदल्या नोव्हेंबरातच ते गेले.

मी वळसा घालून मागे गेलो. तिथे खिडकी म्हणून नाही, नुसती काँक्रीटची उभ्या रेघांची भिंत. समोरून लोकांना कवेत घेणारी इमारत मागच्या वस्तीकडे चक्क पाठ करते, हे मला खटकलं. त्यातून ही जागा 'द वॉर्ड' या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीची. शहरातलं पहिलं चायनाटाउनही इथलंच. त्याचा बराच भाग या इमारतीसाठी आणि चौकासाठी पाडला गेला.

आत शिरल्यावर डेव्हिड पार्ट्रिज यांचं 'मेट्रोपोलिस' हे भित्तिशिल्प चुकवू नका. लाखाहून जास्त खिळे, तांब्याचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले, कमीजास्त खोल ठोकून त्यातून शहर उठवलंय. जवळ गेलं की नुसते खिळे, चार पावलं मागे सरलं की इमारतींची दाटी.

बाहेर चौकात शिल्पकार हेन्री मूर यांचं 'द आर्चर' हे शिल्प आहे. नगरसेवकांनी त्यासाठी सरकारी पैसा नाकारला, तेव्हा महापौर फिलिप गिव्हन्स यांनी देणग्या जमवून ते आणलं. १९६६ची निवडणूक ते हरले. त्यात या शिल्पाच्या वादाचा वाटा होता असं मानतात. शहराला मात्र सौदा फळला. मूर यांनी पुढे आपल्या शेकडो कलाकृती इथल्याच आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओला दिल्या.