रुमालातली माणसं

आजोबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एक लांबुळका मोडी कागद सापडला, चौघडी करून ठेवलेला, घडीवर फाटत आलेला, आणि घरात एकालाही तो वाचता येईना. तेव्हापासून मोडीच्या मागे लागलेय. आधी क्लास केला, मग रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास वाचन. पहिले सहा महिने नुसती वाट लागली होती, कारण मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, बोरू उचलायचा नाही म्हणून एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या गळ्यात. पण एकदा डोळा बसला की मग सोडवत नाही, खरंच.

आता माझ्याकडे एक वही आहे. जुने कागद वाचताना, छापील साधनं चाळताना जी माणसं भेटतात त्यांची छोटी छोटी चरित्रं तिच्यात लिहून ठेवते, प्रत्येकाची दहा-पंधरा ओळी. शिवाजी महाराज, बाजीराव, माधवराव यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, ती कामं मोठे लोक करतील. पानिपतच्या बातमीची ती ओळ सगळ्यांनी ऐकलेली असते ना, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. मला त्या खुर्द्याचं वेड लागलंय. खुर्दा, आणि मोहरा नि खुर्दा यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली माणसं.

पुण्यातलं पेशवे दफ्तर हे त्यांचं मोठं घर. कागद तिथे कापडात बांधून ठेवलेत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि असे हजारो रुमाल आहेत. रोजकीर्द, घडणी, चिटणिशी, पागा, प्रांत अजमास अशी त्यांची वर्गवारी. हे सगळं वाचलं कसं हे पण बघण्यासारखं आहे. १८१८ ला राज्य गेलं, १८२८ ला शनिवारवाडा जळाला, आणि इंग्रजांनी हे कागद जपले ते काही इतिहासाच्या प्रेमाने नाही, कोणाचा इनाम (म्हणजे सरकारने दिलेली करमाफ जमीन) खरा आणि कोणाचा खोटा हे तपासायला त्यांना पुरावा हवा होता. १८५२ नंतर इनाम कमिशनने ते लावून घेतले ते त्याच्यासाठी. अभ्यासकांना नीट आत शिरता यायला १९३० चं साल उजाडलं, तेव्हा रियासतकार सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून, साठी ओलांडून या कामाला बसले आणि चार-पाच वर्षांत ४५ खंड काढले. पंचेचाळीस! त्यांच्या आधी इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव पायी हिंडून लोकांच्या माळ्यावरचे कागद गोळा करत होते, १८९८ ला त्यांचा पहिला खंड आला. या दोघांच्या मेहनतीवर माझ्यासारखी बाई आज घरात बसून वाचतेय, हे मी कधी विसरत नाही.

तर मुद्दा असा की दफ्तर हे पैशाचं, जमिनीचं, भांडणाचं आणि पगाराचं. ज्याने सरकारचा पैसा घेतला, दिला, बुडवला किंवा कोणाशी भांडला त्याचं नाव आलं. जो गप्प राहिला, वेळेवर सारा भरला, लेकरं वाढवली आणि मेला तो दफ्तरात जवळजवळ नाहीच. म्हणून मी वहीत एक नियम पाळते, कागदात जेवढं आहे तेवढंच लिहायचं, बाकी जागा कोरी सोडायची. बखरीतलं किंवा ऐकीव असेल तर तसं शेजारी लिहायचं.

तारखांचं पण सांगते कारण त्याच्यातच माझा एक अख्खा पावसाळा गेला. कागदावर साल असतं शुहूर, आणि ते आकड्यात नाही, अरबी शब्दात. सबा सबैन मया व अलफ. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७७. त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढचा कागद असेल तर ६००. वर्ष बदलतं मृग निघाला की, म्हणून त्याला मृगसाल पण म्हणतात. म्हणजे सबा सबैन हे १७७६-७७. हे साल मला पाठ आहे कारण माझ्या वहीतलं सगळ्यात जास्त खोडाखोडीचं पान त्याच सालातलं आहे.

ते पान तोतयाचं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण प्रेताच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात कायम शंका राहिली, आणि शंका राहिली की तिच्यात कोणीतरी येऊन बसतंच. तीन-चार वर्षांत बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, त्याचं नाव सुखलाल असं येतं, मीच भाऊ म्हणून पुढे आला. चेहरेपट्टी जुळत होती म्हणतात. थोरल्या माधवरावांनी चौकशी केली, तोतया ठरवला, आणि मारला नाही, कैदेत ठेवला. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर असं करत तो शेवटी रत्नागिरीला. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात बारभाईंचं, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाचं, कारभार चालवणं सुरू, राघोबादादा इंग्रजांकडे, गादीवर दीड-दोन वर्षांचं पोर, आणि १७७६ च्या सुरुवातीला रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने या माणसाला बाहेर काढला आणि खरा भाऊ म्हणून उभा केला. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारो माणसं जमली, बोरघाटापर्यंत आला तो! मग महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याला हाणला, तो पळाला, होडीतून मुंबईकडे निघाला असताना कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी धरला, पुण्याला आणला, पुन्हा चौकशी, आणि डिसेंबर १७७६ मध्ये देहदंड.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मी थांबते कारण या माणसाबद्दल मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि तीच कागदात नाही. दहाएक वर्षं कैदेत असताना तो स्वतःला काय समजत होता? भाऊ की सुखलाल? सरकारच्या लेखी तो तोतया, म्हणजे त्याचं नाव, गाव, आईबाप सगळं एका शब्दात बुडालं. आता त्याच्यामागे गेलेली ती हजारो माणसं सगळी मूर्ख होती का, मला नाही वाटत. राज्य पोराच्या नावावर चाललंय, घरातल्याच माणसावर खुनाचा आळ आहे, अशा वेळी पानिपतावरून कोणीतरी परत यावं असं लोकांना मनापासून वाटत होतं.

आणि सगळ्यात जास्त कोणाला वाटत होतं, तर पार्वतीबाईंना. भाऊंच्या बायको. माझ्या वहीत त्यांचं पान तोतयाच्या समोरच्या पानावर आहे, मुद्दाम. त्या स्वतः पानिपतला होत्या, त्या धुमाळीतून वाचून परत आल्या, आणि भाऊ गेले हे त्यांनी कधी मानलं नाही. शेवटपर्यंत सौभाग्यवती म्हणून राहिल्या, १७८३ ला वारल्या. बावीस वर्षं. त्या काळच्या पुण्यात, एवढ्या मोठ्या घरात, चारचौघींसमोर हळदीकुंकवाला कुंकू लावून बसणं आणि प्रत्येकीच्या नजरेतलं ते वाचणं, हे बावीस वर्षं. पण त्यांच्याबद्दल फक्त हेच सांगतात याचा मला राग येतो. नारायणरावांच्या खुनानंतर त्यांची बायको गंगाबाई गरोदर असताना जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुरंदरला हलवलं तेव्हा सोबत कोण होतं, तर पार्वतीबाई. एप्रिलमध्ये सवाई माधवराव झाले, १७७७ ला गंगाबाई पण गेल्या, मग त्या आईबाप नसलेल्या पोराला सांभाळायला घरातलं वडीलधारं माणूस कोण, पुन्हा पार्वतीबाई. ज्या पोराच्या नावावर अख्खं राज्य चाललं होतं त्याला यांनी वाढवलं. हे वाक्य पहिलं यायला पाहिजे आणि कुंकवाचं नंतर, माझ्या वहीत तरी मी तसंच लिहिलंय.

असंच दुसरं पान जिऊबाईंचं. नाना फडणवीस १३ मार्च १८०० ला गेले. नानांनी स्वतःचं छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलंय, पानिपतावरून जीव वाचवून कसे पळाले, आई कशी हरवली, सगळं त्यात येतं, आणि एवढ्या मोठ्या कारभाऱ्याने स्वतःची भीती इतकी सरळ लिहावी याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्यांच्या मागे दोन बायका राहिल्या, त्यातल्या बगाबाई थोड्याच दिवसांत गेल्या आणि उरल्या जिऊबाई. वय नऊच्या आसपास. नऊ! चौथीतली मुलगी. आणि ही मुलगी एकदम राजकारणातली वस्तू झाली, कारण नानांच्या पैशाची वारस ती. दुसऱ्या बाजीरावाला ती ताब्यात हवी, लोहगडावर नानांचा माणूस धोंडोपंत तिच्या नावाने किल्ला धरून बसलेला, शेवटी १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मध्ये पडला (हाच पुढे वॉटर्लूवाला) आणि तिला पनवेलला पाठवलं, वर्षाला १२,००० रुपये तनखा ठरला. पुढे राज्य बुडालं, बाजीराव बिठूरला गेला, आणि जिऊबाई वाईजवळच्या मेणवलीला नानांच्या वाड्यात परत आल्या, दत्तक घेतला, आणि १८५४ पर्यंत जगल्या. चोपन्न वर्षांचं वैधव्य.

मी मेणवलीला दोनदा गेलेय. लोक कृष्णेच्या घाटावर फोटो काढतात, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा बघतात, कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालं ते एकमेकांना सांगतात. मला तिथे दर वेळी वाटतं की हा वाडा नानांचा म्हणतात खरा, पण त्यात जास्त वर्षं राहिली असेल ती बाई. नानांचं प्रचंड दफ्तर पण याच वाड्यात राहिलं म्हणून पुढे इतिहाससंशोधक पारसनिसांच्या हाती लागलं. तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं, पालखीतून लोहगडावरून उतरताना तिला काय कळत होतं, ते मात्र मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. तिच्याबद्दल लिहिलं ते वकिलांनी, कारभाऱ्यांनी, साहेबांनी.

एक आनंदाचं पान पण आहे. गंगाराम चिंतामण तांबट. नावातच धंदा आहे, घर तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचं. इंग्रजांचा वकील मॅलेट पुण्यात आला, त्याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रं शिकवायची शाळा निघाली, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार शिकवायला होता, आणि त्यात हा गंगाराम तयार झाला. वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रं काढली, कार्ल्याची काढली, पैलवानांची काढली. सवाई माधवरावांना जनावरांचा नाद होता, त्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगारामने नोव्हेंबर १७९० मध्ये काढलाय आणि तो गेंडा बघाच एकदा, कातडीची एकेक घडी अशी काढलीय की हातोडीने पत्रा ठोकून आकार देणाऱ्याच्या घरातलंच ते बोट आहे असं मला वाटतं. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कार्ल्याला ट्रेकला जाणाऱ्या शंभर पोरांना विचारा गंगाराम कोण, एकाला माहिती नसेल, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटते.

रामशास्त्र्यांचं पान मात्र लहान ठेवलंय. माहुलीचे, काशीला शिकले, १७५१ ला सरकारी चाकरीत, १७५९ ला न्यायाधीश, १७८९ ला गेले. देहान्त प्रायश्चित्त सगळ्यांना पाठ आहे. पण त्या एका वाक्याच्या आगेमागे वर्षानुवर्षं माणूस भाऊबंदकी, वतनं, कर्जं यांचे निवाडे करत बसला होता, आणि न्यायाधीश म्हणून मला तो तिथे जास्त दिसतो.

आणि मग काही पानं अशी आहेत जिथे चरित्र म्हणायलाच जीव धजत नाही. कुणबिणींच्या नोंदी. कुणबीण म्हणजे सरकारी कोठीत, पागेत, नाहीतर कोणाच्या घरी राबणारी गुलाम बाई. नाव, वय, किंमत. संपलं. पहिल्यांदा अशी नोंद लागली तेव्हा मी किमतीचा आकडा दोनदा वाचला, मला वाटलं कापडाचा असेल. पेशवाईचं कौतुक मलाही आहे, लहानपणापासून आहे, पण वहीत ही पानं मी मागे नाही टाकत, जसजशी भेटली तशी त्याच क्रमाने लिहिलीयत. एका नावाला एक अख्खं पान. तीन शब्द वर, बाकी कोरं.

आता आजोबांच्या ट्रंकेतला कागद. तो निघाला महजर, म्हणजे गोतसभेचा (गावातल्या लोकांच्या न्यायसभेचा) निवाडा, एका शेताच्या बांधावरून दोन घरांत भांडण. आमचं घर त्यात हरलेलं आहे हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले तरी कागद जपला बघ. खाली साक्षीदारांच्या सह्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापल्या धंद्याची खूण काढलीय, कुणब्यांनी नांगर, वाण्याने तराजू. आणि अगदी शेवटी, कागद संपत आल्यामुळे कोपऱ्यात दाबून, एका बाईची निशाणी बांगडी. तिचं नाव जिथे आहे तिथेच नेमकी घडी पडून कागद फाटलाय. अमक्याची बायको का अमक्याची आई तेही गेलं. उरलाय तो एक गोल, एका बाजूला शाई जास्त झालेली, म्हणजे बोरू टेकवून तिने क्षणभर तसाच धरला असणार.

तिचं पान मी काल सुरू केलं.