निरीक्षण प्रपत्रात न बसलेली वजाबाकी

‘अध्यापन शिक्षककेंद्री आढळले.’ मार्चअखेरच्या तपासणीत माझ्या चौथीच्या वर्गापुढे हा शेरा पडला. शेऱ्याचं दुःख नाही, नोकरीत असे शेरे पडतातच. पण ज्या पाव तासावरून तो पडला, त्याच पाव तासात एका पोरीला अडलेली गोष्ट सुटली, आणि तिची नोंद करायला प्रपत्रात जागाच नव्हती. ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

शाळा बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली घरं साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात आजी-आजोबा असले किंवा हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर मूल मागे राहतं, नाहीतर आईबापासोबत उसाच्या फडावर जातं. मार्चमध्ये परत येतं तेव्हा हजेरीपट एक असतो, पण वर्ग दोन झालेले असतात. बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही. फरशीवर रंगवलेले आकडे, भिंतीवरचे तक्ते, गोलात बसलेली पोरं बघून तो खूश होतो.

मी या कृतीतून, साहित्यातून शिकवायच्या पद्धतीचा विरोधक नाही. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, तेव्हा याच पद्धतीसाठी नावाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटचं (शाळांच्या गटाचं) काम बघून आलेल्यांकडून सगळं समजून घेतलं आणि वर्ग बदलला. ज्वारीच्या धाटांचे सारखे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले, त्या दहा गठ्ठ्यांचा शंभराचा मोठा गठ्ठा सुतळीने. हातचा म्हणजे काय हे पोरांना नुसत्या तोंडी सांगून कळत नाही. शंभराचा गठ्ठा स्वतः सोडून त्यातून दहा गठ्ठे बाहेर आले की कळतं. यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

त्या दिवशी गटांना 402 वजा 156 दिलं होतं. मधल्या शून्यामुळे हे गणित अवघड. एकक मागायला दशकाकडे जावं तर तिथे काहीच नाही, शतकापर्यंत जावं लागतं. तपासणीचे साहेब एका गटाजवळ उभे राहिले. चार पोरं, मधे गठ्ठे. त्यातल्या एका हुशार पोराने सुतळी सोडली, दहा गठ्ठ्यांतला एक मोकळा केला आणि 246 उत्तर काढलं. आठवड्यापूर्वी फडावरून आलेली पोरगी त्याच्या शेजारी बसून सुटलेली धाटं गोळा करत होती, उरलेली रबरात बांधत होती. हात भराभर चालत होते. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याच्या, पेंढ्या बांधून ते तयार झालेले. चारही पाट्यांवर 246 आलं. साहेबांनी ‘सर्व मुले कृतीत सहभागी’ या रकान्यात खूण केली.

मी त्या पोरीला बाजूला घेतलं आणि नवीन गणित दिलं, 503 वजा 287. तिने न अडखळता 384 लिहिलं. लहान वर्गांना शिकवणारा कुणीही हे उत्तर ओळखेल. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून शून्य. हा निष्काळजीपणा नव्हे, तिने मनाशी धरलेला पक्का नियम आहे. मी विचारलं, “मघाचं बरोबर कसं आलं?” म्हणाली, “ते त्येनं केलं सर. म्या गठ्ठे बांधले.”

मग मी फळ्याजवळ गेलो. तिला आणि फडावरून आलेल्या बाकीच्यांना पुढे बसवलं आणि एक-एक पायरी बोलत सोडवून दाखवली. तीनातून सात जात नाहीत. दशकाच्या घरी शून्य. शतकाच्या घरातून एक सोडवला, पाचाचे चार राहिले. दशकाच्या घरी दहा आले, त्यातला एक एककाला दिला, नऊ उरले. एकक झाले तेरा. तेरातून सात गेले, सहा. नवातून आठ, एक. चारातून दोन, दोन. 216. प्रत्येक पायरीला तेच गठ्ठे हातात धरून दाखवले. दुसरं गणित अर्धं मी, अर्धं त्यांनी. तिसरं त्यांचं त्यांनी. तिने चौथं मागून घेतलं आणि शून्यावरचा नऊ स्वतःहून लिहिला.

एवढ्यात साहेब म्हणाले, “सर, तुम्ही फार बोलता. मुलांना शोधू द्या.” मी म्हटलं, “साहेब, दोन मिनिटं हिच्याजवळ बसा, हिला एक गणित घाला.” पण त्यांना दुपारपर्यंत आणखी एक शाळा करायची होती. माणूस वाईट नाही. त्यांच्या हातातला कागदच विचारत होता की साहित्य मांडलंय का, गट केलेत का, शिक्षक किती बोलतो. मूल किती शिकलं, हे तो विचारतच नव्हता.

शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 29 मी सहकाऱ्यांना नेहमी वाचून दाखवतो. कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने शिकणं त्यात आहेच. पण त्याच कलमात पुढे मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता यांचं सातत्यपूर्ण मूल्यमापनही आहे. आपण पहिलं उचललं आणि दुसऱ्याचे आकारिक (वर्षभर चालू ठेवायच्या मूल्यमापनाच्या) नोंदींचे कागद केले, जे कित्येक शाळांत वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरले जातात. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेला मुद्दाही मला माझ्या वर्गात रोज दिसतो. ज्याच्याजवळ आधीचं ज्ञान नाही, त्याला थेट मार्गदर्शन जास्त लागतं. पाया झाला की ते कमी करता येतं. हुशार पोराला शोधायला सोडणं योग्यच. पण पाच महिने शाळेबाहेर असलेल्या पोरीला ‘शोध’ म्हणून सोडून दिलं, तर ती गठ्ठेच बांधत राहील.

आणि बालकेंद्री म्हणजे शिक्षकाने गप्प बसायचं, हे आलं कुठून? बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल कुठे आहे ते बघून त्यांनी शाळा हलवली. आमच्याकडे मूल फडावर असतं आणि तपासणी होते ती फरशीवरच्या रंगाची. रंगरंगोटी झाली, फोटो ग्रुपवर गेले की काम झालं असं मानणारे आमच्यातही पुष्कळ आहेत, आणि त्यांना शाबासकी मिळते याची मला चीड येते.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी लेखी मागणी ठेवणार आहे. प्रपत्रात एकच रकाना वाढवा. तपासणाऱ्याने गटातलं सगळ्यात गप्प मूल उठवावं, त्याला नवीन गणित घालावं आणि ते सोडवेपर्यंत तिथेच बसावं. आमच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख म्हणाले, “वेळ कुठून आणणार?” मी सांगितलं, साहित्य मोजायचा वेळ यात घाला. त्यांनी अर्ज ठेवून घेतलाय.

ती पोरगी आता पाचवीत जाईल. पाचवीला नव्या नियमाने वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिच्या बापाने पुढच्या हंगामाची उचल आत्ताच घेतलीय. भागाकार तिला अजून येत नाही. तो दिवाळीच्या आत घ्यायचा आहे, आणि मी तो फळ्यावरच घेणार आहे, गठ्ठे हातात धरून.