हलवून घालायची बाटली

कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीच्या तोंडाशी आमचं मेडिकल आहे. उन्हं तापायला लागली की डोळ्यांच्या ड्रॉप्सचा खण मी काउंटरच्या हाताशी आणून ठेवते. ठाणे-बेलापूर रोडची धूळ, गल्लोगल्ली चाललेलं रिडेव्हलपमेंट, आणि एपीएमसीच्या मसाला मार्केटातून कपड्यांवर घरी येणारी मिरची. मिरचीची ती आग असते, अ‍ॅलर्जी नव्हे. डोळे भरपूर पाण्याने धुवायचे, एवढाच त्यावरचा पहिला इलाज. खरी अ‍ॅलर्जी खाजते. माणूस बोलत असताना डोळे चोळतच असतो.

त्या दिवशी आलेली बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. ओळखीतल्या होत्या, पण डोळ्यांचं औषध आमच्याकडून कधी नेलेलं नव्हतं. पदराच्या टोकातून रिकामी बाटली काढली आणि म्हणाल्या, "ताई, हीच द्या. आमच्या नेहमीच्या दुकानाला टाळं हाय."

लेबल पुसून गेलेलं. तळाशी पांढरट साका.

"वहिनी, ही हलवून घालता का?"

"व्हय. लई गुणाची हाय. एकदा घातली की दोन दिवस पोरगं डोळ्याला हात लावत न्हाई."

तिथेच माझा हात थांबला. अ‍ॅलर्जीचे नेहमीचे ड्रॉप, म्हणजे ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेन, पाण्यासारखे स्वच्छ असतात, हलवावे लागत नाहीत. दुधी दिसणारं प्रत्येक औषध स्टिरॉइडच असतं असं नाही, आणि स्टिरॉइडचे काही ड्रॉप अगदी पारदर्शकही मिळतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये. पण खाजेवर जादूसारखं लागू पडणारं दुधी औषध म्हटल्यावर हे स्टिरॉइडच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. जुना कागद आहे का विचारलं. मुलाला घरी पिटाळलं, तो प्लास्टिकच्या पिशवीतली चिठ्ठी घेऊन धावत आला.

चिठ्ठी गेल्या उन्हाळ्यातली. डॉक्टरांनी दोन ड्रॉप लिहिले होते. फ्लुओरोमेथोलोन, म्हणजे हेच दुधी स्टिरॉइड, दोन आठवडे, कमी करत आणून बंद. ओलोपॅटाडिन तीन महिने, रोज. खाली 'पुन्हा दाखवणे', त्याखाली दोन रेघा. बाईंनी आपल्या हिशेबाने बरोब्बर उलटं केलं होतं. "ते दुसरं पान्यावानी हाय ओ, त्यानं काय फरकच पडत न्हाई." मग ते सुटलं आणि दोन आठवड्यांचं औषध वर्षभर चाललं. रिकामी बाटली दाखवली की दुकानदार नवी देत होता. कोणतं दुकान ते मी विचारलंही नाही. चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नसतं हे त्यालाही ठाऊक असणार. मला राग त्याचाच आला, बाईंचा नाही. पोराची खाज थांबते आहे म्हटल्यावर कुठली आई ते औषध बंद करेल?

बाटलीचं टोक पाहिलं तर सुईने भोक पाडलेलं. झाकणाच्या आत काटा असतो, झाकण घट्ट फिरवलं की तोच नेमकं भोक पाडतो. सुईचं भोक मोठं होतं, थेंबाची धार लागते. बाटली किती दिवस जाते विचारलं, तर म्हणे आठ-दहा दिवस. ५ मिलीत साधारण शंभर-सव्वाशे थेंब निघतात. एवढं औषध जात होतं कुठे, तर निम्मं गालावर आणि बाकीचं गरजेपेक्षा कितीतरी जास्त डोळ्यात. शिवाय मुलाचे वडील मार्केटातून आले की तीच बाटली स्वतःच्या डोळ्यात रिकामी करायचे.

मुलगा मात्र एकदम ठीक दिसत होता. डोळे पांढरे, कसलीच तक्रार नाही. नेमकं हेच मला बाईंना पटवायचं होतं आणि हेच सगळ्यात अवघड होतं. स्टिरॉइड फार दिवस घातलं की काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, आणि मुलांमध्ये तर तो लवकर वाढू शकतो. दुखत नाही, लाल होत नाही, दिसायलाही सुरुवातीला फरक पडत नाही. आतली नस मात्र झिजत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही होतो, कोवळ्या वयातसुद्धा. मी सरळ सांगितलं, "वहिनी, ही बाटली मी देणार नाही. आजच वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, दाब मोजून घ्या." बाई चिडल्या. "नाय द्यायचं तर नका देऊ," म्हणत निघाल्या. पोराने चिठ्ठी उचलली म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं आले. दोन्ही डोळ्यांचा दाब तिशीच्या पुढे निघाला होता. एकवीसच्या आत असावा लागतो. नस अजून शाबूत होती. दाब उतरवायचे थेंब काही दिवस, आणि खाजेसाठी ओलोपॅटाडिन ०.२ टक्के, दिवसातून एकदा.

ते औषध 'पान्यावानी' का वाटतं, तेही मग बोलणं झालं. डोळ्यातल्या मास्ट नावाच्या पेशी फुटल्या की हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं आणि खाज सुटते. हे औषध हिस्टामिनला अडवतं, शिवाय त्या पेशी फुटू देत नाही. हे दुसरं काम रोज घातलं तरच होतं. खाज आली की घातलं, नाही आली की सोडलं, असं चालत नाही. चोळलं की पेशी आणखी फुटतात, खाज दुप्पट होते, आणि वर्षानुवर्षं चोळून बुबुळाचा आकारसुद्धा बिघडतो. खाज आलीच तर थंड पाण्याची पट्टी. (कॉन्टॅक्ट लेन्सवाले ऐरोलीच्या आयटी पार्कातून येतात, त्यांना एक जास्तीचं सांगावं लागतं: लेन्स काढून थेंब, मग निदान पंधरा मिनिटं थांबून लेन्स, कारण औषधातलं प्रिझर्व्हेटिव्ह लेन्स शोषून घेते. डोळे लाल असतील तर लेन्स नकोच.)

पोराला तिथेच स्टुलावर बसवलं. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खोबण, टोक कुठेही न टेकवता एक थेंब. त्याने डोळे गच्च मिटले. "गच्च नको, झोपल्यासारखे हलकेच मीट," म्हटलं, आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायला लावला. दोन औषधं असली की मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. वडिलांना बजावलं की ही बाटली फक्त पोराची. त्यांनी मार्केटसाठी गॉगल घेतला आहे. घालतात की नाही देव जाणे.

पुढच्या तपासणीत दाब खाली आला होता. तपासण्या चालूच आहेत. आता भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. बाटलीवर मी मार्करने उघडल्याची तारीख टाकून देते आणि महिना झाला की टाकायला सांगते. दिवसाला दोनच थेंब जातात, त्यामुळे बाटली निम्मी भरलेली असते.

"अर्धी शिल्लक हाय की ओ ताई. पैसं पडलेत का रस्त्यावर?"

"उघडी बाटली आहे वहिनी, जंतू होतात. टाकायचीच."

"मग कंपनीला सांगा बारकी बाटली काढाय."

यावर माझ्याकडे उत्तर नाही, बाईंचं म्हणणं रास्तच आहे.