पहाटेचा आकडा

"सकाळी उठताना श्वास नीट येत नाही." आठ महिन्यांत हे वाक्य मी चार डॉक्टरांना सांगितलं. माझ्या थोरल्या भावानं दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, त्याच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. त्याचं कारण एक निघालं आणि माझं भलतंच. तक्रार एकच असली तरी तिच्यामागे काय काय असू शकतं, हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर माझे काही महिने वाचले असते. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मला पहाटे साडेचार-पाचला जाग यायची. घाबरून दचकून उठले, असं नसायचं. छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायचं. श्वास आत जायचा, पण तो पुरा भरला असं वाटायचं नाही. उठून बसलं, थोडा कोरडा खोकला आला, की अर्ध्या-पाऊण तासात पट्टा सैल व्हायचा. आठ वाजेपर्यंत मी अगदी ठीक. दिवसभर जिने चढले तरी दम लागायचा नाही. त्यामुळे अकरा वाजता दवाखान्यात पोचले की डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू यायचं नाही. छाती साफ, ऑक्सिजन 98.

पहिली भीती हृदयाची होती. वडिलांचं हृदय कमकुवत झालं होतं. शेवटच्या वर्षात ते एका उशीवरून तीन उशांवर गेले आणि मग खुर्चीत बसूनच झोपायला लागले. ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र तपासण्या लिहून देण्याआधी प्रश्न विचारले. आडवं झाल्या झाल्या त्रास होतो की काही तासांनी? किती उशा लागतात? संध्याकाळी पाय सुजतात का, मोज्याची खूण खोल उमटते का? वजन अचानक वाढलंय का?

या प्रश्नांमागचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. हृदय थकलेलं असेल तर दिवसा पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं. तेवढा भार हृदयाला पेलत नाही आणि फुप्फुसांत पाणी साठू लागतं. असा माणूस बहुधा झोपल्यावर एक-दोन तासांतच गुदमरून उठतो आणि उठून बसल्याशिवाय त्याला बरं वाटत नाही. माझी वेळ पहाटेची होती, पायांना सूज नव्हती, एका उशीवर मी पाच तास शांत झोपत होते. तरी घरचा इतिहास पाहून त्यांनी ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. सगळं व्यवस्थित आलं. एकोचा रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीत बसून रडले, इतकं ओझं उतरलं होतं.

ओझं उतरलं, पण पहाटेचा पट्टा तसाच राहिला.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत टेन्शनचं निदान केलं. मला वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं. शंका चुकीची होती म्हणून नाही. झोपेतही पॅनिक अटॅक येतात, त्यातही श्वास कोंडतो, छाती धडधडते, हातपाय थरथरतात, आणि तो त्रास खराच असतो. पण ती भीती एकदम उसळते आणि काही मिनिटांत शिगेला पोचते. माझं तसं काहीच होत नव्हतं, आणि तसं होतं का हे त्यांनी विचारलंच नाही. मनाचं कारण ठरवायचं असेल तर तेही विचारपूस करून ठरवायला हवं.

मग पित्ताचा नंबर लागला. त्याला आधार होता, कारण काही सकाळी तोंड आंबट असायचं. आडवं झाल्यावर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर चढतं, कधी घशापर्यंत येतं, आणि त्या चुरचुरण्यानं श्वासनलिका आवळतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका म्हणाले, आणि पलंगाच्या उशाकडचे पाय ठोकळे लावून 15 ते 20 सेंटिमीटर उंच करायला सांगितले. नुसत्या उशा वाढवून चालत नाही, कारण त्यानं शरीर कमरेत वाकतं आणि पोटावर उलट दाब येतो. हे मी इमानेइतबारे दोन महिने केलं. आंबटपणा गेला, खोकला थोडा कमी झाला. पट्टा नाही गेला.

याच सुमारास दादा भेटायला आला. त्याचं ऐकून ठेवण्यासारखं आहे. तो उठायचा तो तोंड कोरडं, डोकं जड, श्वास अडकून दचकल्यासारखा, आणि दिवसभर पेंगत असायचा. वहिनीच्या लक्षात आलं की तो मोठ्यानं घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतो आणि मग धाप लागल्यासारखा श्वास ओढतो. झोपेच्या तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक अडथळा धरतात, श्वास अर्धवट मंदावला तर तोही मोजतात. तासाला 5 पेक्षा कमी म्हणजे ठीक, 30 च्या वर म्हणजे तीव्र. दादाचा आकडा 38 होता. आता तो रात्री सीपॅपचा मास्क लावून झोपतो. त्या यंत्राच्या हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. "तूही तपासून घे," तो म्हणाला.

त्याआधी माझ्या मुलीनं एक साधी गोष्ट केली. दोन रात्री माझ्या उशाशी फोन ठेवून आवाज ध्वनिमुद्रित केला. घोरणं जवळजवळ नव्हतंच. पण पहाटे साडेतीन ते पाचच्या मध्ये मी झोपेतच खोकत होते, दहा-बारा वेळा. मला त्याचा पत्ताच नव्हता. "आई, तू रोज अशीच खोकत असशील," ती म्हणाली. ते ध्वनिमुद्रण घेऊन मी छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग त्याच दुपारी स्पायरोमेट्री झाली. नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं असतं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. रिपोर्ट नॉर्मल. मी खचले. त्या मात्र म्हणाल्या, "दुपारी तीनला नॉर्मल आलं म्हणजे पहाटे चारला नॉर्मल आहे असं नाही. दमा दिवसभर एका पातळीवर राहत नाही."

दमा हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. छातीत घरघर नाही, शिट्टीसारखा आवाज नाही, वय 48. पण त्यांनी सांगितलं ते पटत गेलं. निरोगी माणसाच्याही श्वासनलिका पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात. शरीरातलं श्वासनलिका मोकळ्या ठेवायला मदत करणारं कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन रात्री खाली येतं, श्वासनलिका आकसवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर वाढतो, आडवं झाल्यानं फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवाही कमी होते. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही. ज्याच्या नलिका आधीच सुजलेल्या असतात, त्याला तो जागं करतो.

त्यांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं. प्लॅस्टिकची एक छोटी नळी, तिच्यावर सरकणारा काटा. फुंकलेली हवा किती वेगानं बाहेर पडते, मिनिटाला किती लिटर, ते तो दाखवतो. उभं राहायचं, पूर्ण श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, दोन आठवडे.

पहिल्या सकाळी आला 290. संध्याकाळी 385. दुसऱ्या दिवशी 300 आणि 390. मग 280 आणि 380. पाचव्या दिवशी वहीतले ते दोन रकाने बघत मी बराच वेळ बसून राहिले. जे आठ महिने मी शब्दांत सांगत होते आणि जे कुणाला दिसत नव्हतं, ते तिथे कागदावर होतं. मोठ्या माणसांत सकाळ-संध्याकाळचा सरासरी फरक 10 टक्क्यांहून जास्त असेल तर दम्याची शंका बळावते. माझा फरक 25 टक्क्यांच्या पुढे होता.

मग त्यांनी मला सकाळी आठच्या आधी बोलावून स्पायरोमेट्री पुन्हा केली. या वेळी पहिल्या सेकंदाची हवा कमी भरली. श्वासनलिका उघडणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकवलं, तर 310 मिलिलीटरनं, म्हणजे 15 टक्क्यांनी वाढ. 12 टक्के आणि 200 मिलिलीटर, दोन्हींहून जास्त वाढ झाली तर औषधाला दाद मिळाली असं मानतात. निदान पक्कं झालं. लहानपणी मला बाळदमा होता, सातव्या-आठव्या वर्षी तो गेला असं घरात सगळे धरून चालले होते. तो पुन्हा डोकं वर काढू शकतो.

पण आत्ताच का? डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मी म्हणाले, "काहीच नाही." रक्तदाबाची गोळी? नाही. वेदनाशामक गोळ्या? क्वचित. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "डोळ्यांत काही टाकता?"

टाकत होते. वर्षभरापूर्वी डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला होता, काचबिंदूची सुरुवात. तेव्हापासून सकाळी आणि झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. डोळ्यांचं औषध डोळ्यांपुरतं, असं मी मनाशी धरलं होतं, म्हणून चारही डॉक्टरांना ते सांगितलंच नव्हतं. त्या थेंबांत टिमोलॉल होतं. ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचं काम रोखणारं औषध. थेंब अश्रूंच्या वाटेनं नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो, आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आवळू शकतो. घरी येऊन तारखा जुळवल्या. थेंब सुरू झाले आणि तीनेक महिन्यांत पहाटेचा त्रास सुरू झाला होता. थेंब लिहून देताना मला दम्याबद्दल विचारलं गेलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बाळदमा मला आठवला असता का, सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. मी ते थेंब स्वतःहून बंद केले नाहीत आणि कुणी करूही नयेत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. छातीच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, दुसऱ्याच दिवशी थेंब बदलून दुसऱ्या गटातलं औषध मिळालं. शिवाय डोळे मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटानं हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात कमी उतरतं, हेही तेव्हा शिकले.

थेंब बदलल्यावर तीन आठवड्यांत सकाळचा आकडा 290 वरून 340 वर आला. 390 वर नाही आला. म्हणजे दमा होताच, थेंबांनी तो चेतवला होता. स्टेरॉइडचा इन्हेलर सुरू झाला. स्टेरॉइड म्हटल्यावर मी बिचकले, सवय लागेल अशी भीतीही होती. सवय लागत नाही. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध सरळ श्वासनलिकांवर पडतं. ओढून झाल्यावर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, लावून ओढलं की औषध घशावर आपटून वाया जात नाही. गादी-उशांना धूळकिड्यांना अडवणारे खोळ घातले, चादरी दर आठवड्याला 60 अंश गरम पाण्यात धुते. यातलं किती कशामुळे बरं झालं ते वेगळं काढता येणार नाही.

दादाला मी म्हणाले, डॉक्टरांकडे जाताना नुसतं "श्वास लागतो" म्हणू नये. किती वाजता, झोपल्यापासून किती तासांनी, आडवं असताना की उठल्यावर, काय केल्यावर बरं वाटतं, खोकला असतो का, घोरणं असतं का, पाय सुजतात का, हे लिहून न्यावं. आणि डोळ्यांतल्या थेंबांसकट सगळी औषधं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवावीत. मात्र धाप इतकी की वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर पडले, छातीत दुखून ते हातात किंवा जबड्यात जातंय, खोकल्यातून रक्त पडतंय, किंवा एकच पाय सुजलाय आणि अचानक दम लागला, तर वही-पिशवी काही नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

आता वही रोज लिहीत नाही. सर्दी झाली किंवा रात्री खोकला ऐकू आला, असं मुलगी म्हणाली, की आठवडाभर पुन्हा फुंकून लिहिते. गेल्या महिन्यात डोळ्यांचा दाब तपासला, तो नव्या थेंबांवर आटोक्यात आहे. काल सकाळी काटा 385 वर थांबला.