वृषणाजवळची साधी गाठ: ती परत आली तर?

सोनोग्राफीत 'एपिडिडिमल सिस्ट' असं आलं, म्हणजे वृषणाच्या मागे-वर असलेल्या नळीत पाण्याने भरलेली पिशवी झाली आहे. ती कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाही. दुखत नसेल, फार मोठी नसेल, तर तिला हात न लावलेलाच बरा.

सुईने पाणी काढलं तर पिशवीचं अस्तर आतच राहतं, म्हणून ती बहुधा पुन्हा भरते. शस्त्रक्रियेत पिशवीच काढतात, तरी शेजारी नवी होऊ शकते. शिवाय नळीला इजा झाली तर शुक्राणूंची वाट अडते. मूल हवं असेल तर हे आधीच डॉक्टरांशी बोला.

महिन्यातून एकदा, कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर, अंगठा आणि बोटांमध्ये वृषण हलकेच फिरवून पाहा. सिस्ट गुळगुळीत आणि वृषणापासून वेगळी लागते. रोज चाचपू नका. त्याने जागा दुखरी होते आणि धास्ती वाढते, हे मनापासून सांगतो. जडपणा वाटला तर घट्ट आधार देणारी अंडरवेअर वापरा.

खुद्द वृषणातच टणक गाठ लागली तर लवकर दाखवा. अचानक असह्य कळ आली तर मात्र लगेच इमर्जन्सीत जा: वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला जेमतेम 6 तास असतात.