डेलीची वही: या हिवाळ्यातली भर

ही माझी ज्यू डेलींची (मांस आणि सँडविच विकणाऱ्या दुकानांची) यादी. आधी तिच्या नव्या मांडणीबद्दल. मांसाच्या डेली आणि मासे-चीज विकणारी ‘अ‍ॅपेटायझिंग’ दुकानं आता वेगवेगळ्या पानांवर आहेत. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये हे दोन धंदेच वेगळे वाढले. पास्त्रामी (मुरवून धुरी दिलेलं मांस) एकीकडे, बेगल (मधे भोक असलेला गोल पाव), क्रीम चीज आणि सामन मासा दुसरीकडे. तिसरं पान ‘ज्यू-स्टाइल’वाल्यांचं: चव तीच, पण कोशरचं, म्हणजे त्या आहारनियमांचं, बंधन नाही. मेनूवर रूबेन सँडविच शोधा. कॉर्न्ड बीफवर स्विस चीज वितळलेलं दिसलं की पान ठरलं. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली घरांत मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध पडतं ते याच नियमामुळे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

कॅट्झ, हाउस्टन स्ट्रीट

१८८८ पासूनचं दुकान. दारातच तिकीट मिळतं, प्रत्येक काउंटरवर त्यावर रक्कम लिहितात, आणि काही खाल्लं नाही तरी बाहेर पडताना ते दाखवावं लागतं. हरवलंत तर जादा पैसे. वेटरच्या टेबलावर न बसता कापणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, कारण खरी गंमत तिथे आहे: कापणारा आधी बशीत एक-दोन काप चाखायला देतो. टीप तेव्हाच ठेवावी.

कॉर्न्ड बीफ म्हणजे मसाल्याच्या मिठवणीत दिवसेंदिवस मुरवून उकडलेलं मांस. पास्त्रामीला त्यापुढे बरीच मजल मारावी लागते: मुरल्यावर काळी मिरी आणि धण्यांचा जाड लेप, मग धुरी, मग शिजवणं, आणि शेवटी काउंटरवर वाफ. न्यूयॉर्कच्या जुन्या पद्धतीत यासाठी पोटाकडचा चरबीदार तुकडा घेत, हल्ली बऱ्याच ठिकाणी छातीचा असतो. ‘लीन’, म्हणजे कमी चरबीचं, मागू नका. चरबीशिवाय मिरीचा तो लेप नुसता तिखट लागतो. आणि काप हाताने, धाग्याला आडवे, जाडसर हवेत. इतकं मऊ शिजलेलं मांस यंत्रावर पातळ कापायला गेलं की त्याचा भुगा होतो, म्हणून यंत्रवाले ते जरा कच्चट ठेवतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एका डेलीत तसंच रबरी मिळालं. नाव लिहीत नाही, यादीतून काढलं.

सँडविचच्या उंचीचे फोटो सगळेच काढतात, मला त्यात रस उरलेला नाही. माझी कसोटी राय ब्रेड, म्हणजे राय नावाच्या धान्याचा पाव. कड कडक, आत शहाजिरं, आणि शेवटच्या घासापर्यंत रसाने फाटू नये. या कसोटीवर कॅट्झचं मांस पहिलं, ब्रेड मात्र बेताचाच. लॉस एंजेलिसचं लँगर्स (१९४७) ब्रेड दुसऱ्यांदा भट्टीत घालतं, त्यामुळे ते माझ्या यादीत बरंच वर सरकलंय.

रस अँड डॉटर्स आणि आसपास

त्याच हाउस्टन स्ट्रीटवरचं ‘अ‍ॅपेटायझिंग’ दुकान, १९१४ मध्ये सुरू झालेलं. नंबर घ्यायचा आणि थांबायचं. लॉक्स आणि नोव्हा एकच समजू नका: अस्सल लॉक्स हा सामनच्या पोटाचा नुसता मिठात मुरवलेला, चांगलाच खारट भाग, नोव्हाला थंड धुरी दिलेली असते. सुकट-खाऱ्याची सवय असलेल्या माणसाने बेधडक लॉक्स घ्यावा. बेगलऐवजी ग्रँड स्ट्रीटवरच्या कोसार्सची बियाली घेऊन पाहा. हाही गोल पावच, पण बेगलसारखा आधी उकळत नाहीत, थेट भाजतात, मधल्या खळग्यात कांदा.

बायको शाकाहारी, तिच्यासाठी योना शिमेल (१९१०): बटाट्याचा किंवा काशाचा (भाजलेल्या कुट्टूचा) निश, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि मांस दुकानात नाहीच. इतर डेलीत मात्र विचारूनच मागवा. मशरूम-बार्ली सूपच्या तळाशी मांसाचं पाणी असू शकतं, लाटके (बटाट्याचे तळलेले पॅटिस) किंवा निशमध्ये कोंबडीची चरबीही.

साउथ ऑरेंज, न्यू जर्सी

टाउन हॉल डेलीचा स्लॉपी जो. बाकी अमेरिकेत या नावाने पावात खिम्याचा गोडसर रस्सा मिळतो. उत्तर जर्सीत मात्र रायच्या तीन पातळ चकत्या, दोन प्रकारचं मांस, स्विस चीज, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर), रशियन ड्रेसिंग (मेयोनेजचा आंबटगोड सॉस), आणि सगळं थंड. डेलीतून निघून सगळ्या गावाचं झालेलं खाणं. बारशापासून सुपर बोलपर्यंत ट्रे याचेच येतात. मला आवडलं, पण ड्रेसिंग कमी सांगा.

पुढचं

उन्हाळ्यात मॉन्ट्रियल. श्वार्ट्झ (१९२८) मधलं स्मोक्ड मीट, ‘मीडियम’ चरबीचं, आणि सेंट-व्हिएटरचे मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेले बेगल. तिकडचं ब्रिस्केट (छातीचं मांस) मिठवणीत न बुडवता कोरड्या मसाल्यात मुरवतात आणि त्यात साखर कमी असते, तेव्हा कॅट्झशी तुलना करायला मजा येईल. गाडीने जातोय. श्वार्ट्झची रांग दुपारी तीनच्या सुमारास ओसरते का, हे तिथे जाऊन आलेल्यांनी सांगावं.