आज पट्टी कोणी बांधली?

सैन्यातल्या जखमी मुलाचा फोन हल्ली हिच्या डायलिसिसच्या वेळेतच येतो, न सांगता तसं ठरूनच गेलंय. ही चार तास मशीनला, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही, म्हणून फोन मी धरतो. तिकडे तो कॉटवर, इकडे ही कॉटवर, मधे मी उभा. तो विचारतो आई आज किती पाणी काढणार, ही सांगते अडीच लिटर म्हणालेत, मग ही विचारते आज पट्टी कोणी बांधली. दोघंही एकमेकांना "बरी आहेस ना", "बरा आहेस ना" असं काही विचारत नाहीत. मला हे फार आवडतं.

लोक विचारतात, तुम्ही गेला नाहीत का त्याच्याकडे. आठवड्यातून तीनदा हिचं मशीन, एक वेळ जरी चुकली तरी अंगात पाणी साठतं, दम लागतो, आणि पोरगा पार उत्तरेला मिलिटरी हॉस्पिटलात. सून तिथे आहे, तीच सगळं बघते, तिचं कौतुक करायला मला शब्द पुरत नाहीत. मी मात्र इथूनच.

पलटणीतून फोन आला तेव्हा सुभेदार साहेबांनी आधी सांगितलं "जिंदा है, होश में है", मग बाकीचं. गस्तीवर असताना सुरुंग फुटला, डावा पाय गुडघ्याच्या खालून गेला. सोबतच्या जवानाने तिथल्या तिथे टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळला आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवली. वेळ लिहायची कारण टुर्निकेट फार तास राहिला तर खालचं मांस मरायला लागतं, आणि बांधलाच नाही तर मोठी रक्तवाहिनी तुटलेला माणूस काही मिनिटांतच जातो. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या जवानाचं वय माझ्या पोरापेक्षा कमी आहे. त्याच्याशी फोनवर बोललो, तो नुसतं "जी अंकल, जी अंकल" म्हणत होता, आणि मला जे बोलायचं होतं त्यातलं अर्धंपण तोंडातून निघालं नाही.

पहिले काही दिवस सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर जखम उघडी ठेवलीय या वाक्याने. सून म्हणाली बाबा अजून टाके घातले नाहीत, परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेणार आहेत, आणि माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. मग तिथल्या डॉक्टर मॅडमनी पाच मिनिटं काढून फोनवर समजावलं की सुरुंगाच्या स्फोटात माती, बुटाचे तुकडे, कपड्याचे धागे खालून वर मांसात घुसतात, लगेच शिवलं तर घाण आतच राहणार आणि पू होणार, म्हणून परत परत धुवायचं, मेलेलं मांस काढायचं, आणि स्वच्छ झाली की मगच बंद करायची. म्हणजे उघडी जखम ही वाईट बातमी नव्हतीच, ते उपचारच चालले होते. लांब असलेल्या आईबापाला अशी पाच मिनिटं देणाऱ्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडायचे.

गुडघा वाचला हे किती मोठं आहे तेही तेव्हाच कळलं. गुडघा स्वतःचा असला की कृत्रिम पायावर चालायला ताकद बरीच कमी लागते, जिना, उठबस, सगळंच सोपं जातं. पण तो गुडघा सरळ ठेवायला लागतो. खाली उशी घेतली की बरं वाटतं आणि नेमकी तीच उशी घ्यायची नाही, कारण गुडघा वाकलेलाच आखडला तर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. त्यामुळे माझं रोजचं, उशी काढली का, आणि पालथा झोपलास का थोडा वेळ. "कसा आहेस" विचारलं की त्याचं एकच उत्तर, ठीक. उशीचं विचारलं की बोलतो, चिडतो, म्हणतो बाबा तुम्ही आणि फिजिओ एकाच शाळेतले, मग त्यातूनच निघतं की रात्री झोप लागली नाही.

झोप लागत नाही ती नसलेल्या पायामुळे. अंगठा मुरगळल्यासारखा दुखतो म्हणतो, जो अंगठा नाहीच. हे मनाचे खेळ नाहीत, मेंदूतली त्या पायाची जागा तशीच असते आणि तुटलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या मिचेल नावाच्या डॉक्टरने १८७१ मध्येच याला फँटम लिंब असं नाव दिलं होतं, म्हणजे इतक्या जुन्या काळापासून सैनिक हेच सांगत आलेत. त्याला गोळ्या चालू आहेत आणि सोबत आरसा. मद्रासला डॉक्टरी शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन, त्यांनी १९९० च्या दशकात ही आरशाची युक्ती काढली. दोन पायांच्या मधे आरसा उभा करायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला वाटतं गेलेला पाय हलतोय. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, त्याला थोडा येतोय.

परवा सुनेने ते चालू असताना व्हिडिओ कॉल लावला. फोन जरा तिरका होता आणि आरशाची कड स्क्रीनवर दिसतच नव्हती. दोन पाय. दोन्ही अंगठे एकदम वर, एकदम खाली. हिने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही कारण तो मन लावून करत होता.

व्हॉट्सॲपवर सगळे मला मुरलीकांत पेटकरांबद्दल पाठवतात. आपल्या सांगली जिल्ह्याचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, पुढे २०१८ ला पद्मश्री. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण मला त्या ६५ ते ७२ मधलं वाचायचंय. त्यांना पहिल्यांदा कॉटवर कोणी बसवलं, पाण्यात कोणी उतरवलं, त्यांचे आईवडील तेव्हा कुठे होते, त्यांना खबर कशी मिळायची, पत्राने? पदकाचे फोटो सगळे पाठवतात, या मधल्या वर्षांबद्दल कोणी काहीच पाठवत नाही, आणि माझा पोरगा आत्ता त्या मधल्या वर्षांतच आहे.

पुढचं असं की सूज पुरती उतरली आणि जखम पक्की झाली की पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाठवतील. १९४४ पासूनचं आहे ते. त्यानंतर मेडिकल बोर्ड, फिटनेसची कॅटेगरी, पलटणीत काय काम मिळणार, हा विषय तो स्वतः काढत नाही म्हणून मीही काढत नाही. काढेल तेव्हा ऐकेन.

तोवर पट्टी. क्रेप बँडेज नुसतं गोल गोल गुंडाळायचं नाही, फास बसतो, आठच्या आकड्यासारखं तिरकं न्यायचं, टोकाला घट्ट आणि वर येताना सैल, म्हणजे सूज वर सरकते आणि पाय पुढे कृत्रिम पायाच्या खोबणीत, सॉकेटमध्ये बसेल असा निमुळता होतो. सुट्टीवर घरी येईल तेव्हा मलाही यायला पाहिजे म्हणून एक बँडेज आणलंय आणि स्वतःच्या गुडघ्याखाली बांधून बघतोय. आज फोटो पाठवला तर लगेच फोन, डायलिसिस नसताना, आपणहून. "बाबा वर किती आवळलंय, सोडा ते, परत बांधा, मी बघतो." आणि मग अर्धा तास तो मला शिकवत होता, एखाद्या नव्या रिक्रूटला दरडावून शिकवावं तसं, सैल, आणखी सैल, आता तिरकं घ्या, आणि मागून सून हसतेय. स्फोटानंतर त्याचा असा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

उद्या परत मशीनचा दिवस. जरा उशिरा लाव म्हणून सांगितलंय, ही आधी झोपते.